कांग यात्से-२ : नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मिळालेले शिखर

लडाखमधील कांग यात्से-२ या ६२५० मीटर उंचीच्या शिखरावर मला नेऊन सुखरूप परत आणणाऱ्या गिर्यारोहण कंपनीला मी पाचपैकी साडेतीन तारे देतो आहे. वजा केलेल्या दीड ताऱ्यापैकी अर्धा बुटांसाठी आणि कार्यालयातल्या गोड बोलण्यासाठी आहे. उरलेला एक मात्र कंपनीने मला शिखरावर पोहोचवले यासाठी आहे. हे वाचायला विचित्र वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीचे नाव येथे देत नाही. ज्या त्रुटी सांगणार आहे, त्यांतल्या बऱ्याचशा त्याच आठवड्यात त्याच डोंगरावर शेजारच्या तंबूंमध्येही दिसल्या, आणि ज्यांना पुढच्या मोसमात अशी मोहीम करायची आहे त्यांना एका कंपनीचे नाव कळण्यापेक्षा पैसे भरण्याआधी फोनवर काय विचारायचे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

लेहच्या परिसरात पहिले सहा हजारी शिखर म्हणून पूर्वी सगळे जण स्टोक कांग्रीला जात असत. त्या डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर स्टोक गाव अवलंबून आहे. वाढती गर्दी, कचरा आणि आटत चाललेले बर्फ पाहून गावकऱ्यांनी २०२० पासून ६१५३ मीटरचे ते शिखर आरोहणासाठी बंद केले. ती गर्दी मग मार्खा खोऱ्याच्या डोक्यावर असलेल्या कांग यात्सेकडे वळली. या डोंगराची दोन शिखरे आहेत. पहिले सुमारे ६४०० मीटरचे आहे, आणि त्याची सुरीसारखी धार चढणे हे अनुभवी गिर्यारोहकांचे काम आहे. दुसरे, म्हणजे कांग यात्से-२, हे कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘नवशिक्यांसाठी, तांत्रिकदृष्ट्या सोपे’ अशा शब्दांत विकले जाते. त्यावर खडकचढाई करावी लागत नाही, एवढ्यापुरते हे शब्द खरे आहेत. परंतु तळछावणीपासून शिखरापर्यंत एका रात्रीत अकराशे मीटरहून अधिक चढायचे, त्यातला वरचा भाग पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या बर्फाच्या उतारावरून, आणि तेही अशा उंचीवर जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असतो, हे सगळे ‘सोपे’ या शब्दात बसत नाही. माहितीपत्रकाच्या लेखकाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

नोंदणी मी मार्चमध्ये केली, मोहीम ऑगस्टमध्ये होती. बरोबर माझा मेहुणा होता. तो चाळीस वर्षांचा, मी सत्तेचाळीस. शुल्क भरल्यावर दुसऱ्याच दिवशी कंपनीकडून तयारीचे वेळापत्रक आले, आणि ते चांगले होते हे मान्य करायला हवे. आठवड्यातून चार दिवस धावणे, दोन दिवस पाय आणि पाठीचे व्यायाम, जाण्याच्या महिनाभर आधी पाच किलोमीटर अंतर तीस मिनिटांत पूर्ण करून त्याचा पुरावा पाठवणे, असा त्याचा आराखडा होता. मात्र त्यात उतरण्याच्या तयारीबद्दल एक ओळही नव्हती. डोंगरावर शिखराच्या दिवशी माणूस आठ-नऊ तास चढून दमल्यानंतर तेवढेच सगळे उतरायचे असते, आणि गुडघे व मांड्या दगा देतात त्या उतारावर. सह्याद्रीत फिरणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही.

म्हणून आम्ही वेळापत्रकात आपली भर घातली. कामाच्या दिवशी सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या, पाठीवर ओझे घेऊन, दहा-बारा वेळा. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, सॅकमध्ये दहा लिटर पाणी भरून. सुरुवातीला ते पाणी गडावर ओतून देऊन मोकळ्या पाठीने उतरत होतो, आणि जूनपासून मुद्दाम ओझ्यासह उतरू लागलो. गडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाऊन पुन्हा ओझे पाठीवर चढवताना मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा होत असे. जुलैच्या पावसात एकदा कात्रज ते सिंहगड ही रात्रीची वाट केली. पुणेकर तिला ‘के-टू-एस’ म्हणतात आणि त्या नावातच आपला हिमालय उरकून घेतात. पण कपाळावर बॅटरी लावून, निसरड्यावर, झोप मोडून सलग आठ तास चालण्याची सवय मला पुढे कामी आली ती याच वाटेमुळे.

जे पुण्यात राहून होणे शक्यच नव्हते ते म्हणजे उंचीची सवय. सिंहगड १३१२ मीटरचा आहे, महाराष्ट्रातले सर्वोच्च कळसूबाई १६४६ मीटरचे, आणि लेहच्या विमानतळाची धावपट्टीच त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. तुम्ही किती धावता याचा विरळ हवा तुम्हाला कशी मानवेल याच्याशी फारसा संबंध नसतो. धडधाकट तरुण कोलमडतात आणि त्यांच्या शेजारी साठीचे गृहस्थ शांतपणे चहा पीत बसलेले असतात. त्यामुळे ज्या कंपनीच्या कार्यक्रमात लेहला किमान दोन पूर्ण दिवस विश्रांतीला ठेवलेले नाहीत, तिच्याकडे वळूनही पाहू नये. आमच्या कंपनीने लेहमध्ये तीन मुक्काम ठेवले होते, पुढे झोपण्याची उंची हळूहळू वाढवली होती आणि तळछावणीवर एक दिवस राखीव होता. याच शिखराचा दोन दिवसांनी छोटा आणि दहा हजारांनी स्वस्त कार्यक्रम विकणाऱ्या कंपन्याही आहेत; त्यांनी नेमके कोणते दोन दिवस कापले आहेत हे कार्यक्रम शेजारी शेजारी ठेवून पाहिले की लगेच दिसते.

आता गोड बोलण्याविषयी. मेहुण्याची पाच किलोमीटरची वेळ छत्तीस मिनिटांच्या खाली येईना. त्याने प्रामाणिकपणे तसे कळवले. कार्यालयातून फोन आला, आणि अतिशय आर्जवी आवाजात त्याला सांगण्यात आले की काही हरकत नाही, अजून तीन आठवडे आहेत, तुमची इच्छाशक्ती चांगली आहे. त्याच्या इच्छाशक्तीची ओळख त्या फोनवरच्या बाईंना कुठे झाली हे मला अजून उमगलेले नाही. नियम तुम्हीच घालून द्यायचा, तो पुरा झाला नाही तर मोहीम पुढच्या मोसमात ढकलण्याचा किंवा पैसे परत देण्याचा पर्याय समोर ठेवायचा, हे अपेक्षित होते. तसा पर्याय त्यांच्या अटींमध्ये छापलेला होता. फोनवर त्याचा उल्लेखही झाला नाही. वैद्यकीय अर्ज मात्र काळजीपूर्वक तयार केलेला होता. रक्तदाब, दमा, आधी उंचीवर झालेला त्रास, आणि सल्फा गटातील औषधांचे वावडे आहे का, हा प्रश्नही त्यात होता. उंचीच्या त्रासासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायमॉक्सच्या गोळीच्या संदर्भात हा प्रश्न डॉक्टर विचारतात, आणि तो अनेक कंपन्यांच्या अर्जात नसतो. पंचेचाळीशी ओलांडलेल्यांना ट्रेडमिलची चाचणी सक्तीची होती. विम्याबाबतही त्यांनी स्पष्ट लिहिले होते की प्रवासविम्याच्या साध्या पॉलिसीत दोर आणि बर्फावरची चढाई बहुधा वगळलेली असते, तेव्हा पॉलिसीचे कलम वाचूनच घ्यावी. माझ्या एजंटला ते कलम दाखवेपर्यंत ते आपल्या पॉलिसीत आहे हे त्यालाच माहीत नव्हते.

लेहमध्ये आमच्या नऊ जणांच्या गटाला मोहिमेचे प्रमुख भेटले. ते मनालीकडच्या एका गावातले, पन्नाशीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडे वहीत लिहिले जात असत, पण प्रमुख त्या आकड्यांपेक्षा माणूस जिना कसा चढतो, ताटात किती टाकतो आणि हाक मारल्यावर किती वेळाने वळून पाहतो याकडे जास्त लक्ष देत आहेत हे दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि पुढे जे लिहिणार आहे ते लिहूनही तो पूर्णपणे गेलेला नाही.

साहित्याचे वाटप निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता झाले. ही वेळच चुकीची आहे. बर्फावरचे बूट आतून जाड मोज्यासारखा वेगळा थर असलेले, बाहेरून कडक असतात. त्यांत दोन मोजे घालून उतारावर बोटे पुढे आपटणार नाहीत एवढी जागा लागते. ते घालून निदान तासभर चालून पाहिल्याशिवाय माप कळत नाही. मला नऊ नंबरचे हवे होते, दहाचे मिळाले, आणि ‘एक मोजा जास्त घाला, सर’ असे उत्तर मिळाले. त्याहून गंभीर बाब क्रॅम्पॉनची होती. बुटाखाली बांधायचे हे पोलादी दात बुटाच्या तळाशी घट्ट बसले तरच उपयोगाचे; माझ्या जोडीतल्या उजव्या क्रॅम्पॉनचा पुढचा पट्टा जिथे बकलात शिरतो तिथे तो झिजून धागे निघालेले होते. मी ते दाखवले, देणाऱ्या मुलाने लायटर पेटवून धागे जाळून टोक गुळगुळीत केले आणि पट्टा परत माझ्या हातात दिला. त्या लायटरच्या ज्योतीची मला पुढे पहाटे पाच वाजता फार आठवण झाली.

स्किऊपासून मार्खा, हांकर, थाचुंगत्से करत निमालिंगपर्यंतचा पायी प्रवास या परीक्षणाचा विषय नाही, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. जवाच्या हिरव्या शेतांचे तुकडे, त्यांच्या कडेने वाळुंजाची झाडे, पॅराशूटच्या कापडाखाली थाटलेली चहाची दुकाने आणि हांकरच्या पुढे अचानक समोर येणारा कांग यात्सेचा पांढरा माथा, एवढे पुरे. जेवण उत्तम होते. आचारी नेपाळी होते आणि त्यांच्या थुक्पाला तोड नव्हती. आम्ही महाराष्ट्रातले आहोत हे कळल्यावर त्यांनी एके सकाळी पोहे केले, ते मात्र त्यांनी पुन्हा करू नयेत. शौचाचे तंबू स्वच्छ होते, प्लास्टिक खेचरांवर लादून परत नेले जात होते, आणि स्टोकचा दाखला देऊन प्रमुखांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की ओढ्यात साबण दिसला तर मी स्वतः तुमची भांडी परत घासायला लावीन. लावलीही, एकाला.

सुमारे पाच हजार मीटरवरच्या तळछावणीवर राखीव दिवशी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण झाले. हार्नेस म्हणजे दोर अडकवायचा कमरपट्टा बांधणे, सगळ्यांनी एकाच दोराला जोडून घेऊन चालणे, आईस अ‍ॅक्स म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड धरणे आणि घसरल्यास पालथे होऊन तिचे टोक बर्फात रोवून थांबणे, हे सगळे तीन तासांत उरकले. ज्याने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये बेसिक कोर्स केला आहे त्याला हे उजळणी म्हणून ठीक आहे; आमच्या नऊ जणांपैकी सात जणांनी क्रॅम्पॉन आयुष्यात प्रथमच पाहिले होते, आणि त्यांच्यासाठी ही तालीम फार अपुरी होती. एक गोष्ट मात्र प्रमुखांनी सर्वांकडून वदवून घेतली, आणि ती आधी ईमेलनेही लेखी आली होती : सकाळी नऊ वाजता जो जिथे असेल तिथून तो परत फिरेल, मग शिखर समोर दिसत असले तरी. कारणही त्यांनी समजावून सांगितले. रात्रभर गोठलेला उतार ऑगस्टच्या उन्हात सकाळी मऊ होऊ लागतो, क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गोळे जमून दात निकामी होतात, वरचे दगड सुटू लागतात, आणि तोपर्यंत माणसेही नऊ तास चाललेली असतात.

रात्री पावणेबाराला उठवले, साडेबाराला निघालो. नऊ ग्राहक, प्रमुख, आणि दोन सहायक. पहिले तीन-साडेतीन तास सुट्या दगडांचा चढ होता, दोन पावले वर आणि एक खाली. कंपनीच्या यादीत नळीने पाणी प्यायची पिशवी आणायला सांगितले होते. दोनच्या सुमाराला गटातल्या सगळ्यांच्या नळ्या गोठल्या. साध्या बाटल्या, त्याही सॅकमध्ये उलट्या ठेवलेल्या, ज्यांनी आणल्या होत्या त्यांच्याकडेच प्यायला पाणी उरले, कारण बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते. चॉकलेटे दगडासारखी झाली होती. राजगिऱ्याची वडी तेवढी तोंडात विरघळत होती, आणि ती कोणत्याही यादीत नव्हती.

सव्वाचारला, सुमारे ५७०० मीटरवर, जिथे क्रॅम्पॉन बांधायचे तिथे आम्ही पोहोचलो. मेहुणा शेवटच्या अर्ध्या तासात गप्प झाला होता. प्रमुखांनी त्याला नाव विचारले, कुठला म्हणून विचारले, आणि मग बॅटरीच्या प्रकाशात एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगितले. चौथ्या पावलाला तो डावीकडे कलला. पुन्हा सांगितले, पुन्हा कलला. तोल जाणे हे मेंदूला सूज येऊ लागल्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर तिथल्या तिथे करायचा खरा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे. प्रमुखांनी कोणाशी चर्चा केली नाही, मेहुण्याला विचारलेही नाही. त्याची सॅक सहायकाच्या पाठीवर दिली आणि दोघांना खाली वळवले. पायाची बोटे बधिर झालेली एक तरुणी होती, तिलाही त्यांच्याबरोबर धाडले. हा सगळा प्रकार सात-आठ मिनिटांत झाला. ‘दाजी, तुम्ही जा वर, मला काही होत नाही,’ असे मेहुणा म्हणाला, आणि मी गेलो. त्याच्याबरोबर मी उतरलो नाही हे घरी अजून कोणी बोलून दाखवलेले नाही.

मला विचाराल तर या कंपनीच्या शुल्कातले पैसे जिथे खऱ्या अर्थाने वसूल झाले ती जागा हीच. खाली गेल्यावर दोन तासांत मेहुणा सावरला, त्यामुळे त्याला मागे फिरवण्याची गरज होती का, असे नंतर गटात कोणी तरी म्हणाले. तो सावरला तो वेळेवर फिरवल्यामुळे, एवढेच मी त्यावर म्हणेन.

मात्र याच ठिकाणी हिशेबातली दुसरी बाजू उघडी पडली. माहितीपत्रकात तीन ग्राहकांमागे एक मार्गदर्शक असे प्रमाण छापलेले होते आणि निघताना ते खरेही होते. दोघांना घेऊन एक सहायक खाली गेल्यावर सात जणांमागे दोन उरले. यापुढे आणखी एखादा आजारी पडला असता तर त्याला खाली नेण्यासाठी एक जण जाणार, आणि सहा जण बर्फाच्या उतारावर एकाच माणसाच्या भरवशावर राहणार, अन्यथा सगळ्यांनीच उतरायचे. म्हणून फोनवर विचारायचे ते प्रमाण निघतानाचे नव्हे. पहिला आजारी माणूस खाली पाठवल्यावर वर किती मार्गदर्शक राहतात, आणि दुसरा आजारी पडला तर तुमची पद्धत काय आहे, हे विचारावे. मी परतल्यावर तीन कंपन्यांना हा प्रश्न विचारून पाहिला. एकीने नीट उत्तर दिले, एकीने फोन वरिष्ठांकडे दिला, आणि तिसरीने ‘आपल्याकडे असे होत नाही, सर’ असे सांगितले.

पाचच्या सुमारास, चारेकशे फूट वर चढल्यावर, उजवा क्रॅम्पॉन हलू लागला. लायटरने जाळलेला पट्टा बकलातून सुटत होता. सहायक खाली आला, दातांनी हातमोजे काढले, खिशातून बारीक दोरी काढून बूट आणि क्रॅम्पॉन यांना आठच्या आकड्यात तिचे पाच वेढे दिले आणि गाठ मारली. उघड्या हातांनी त्याला चार मिनिटे लागली असतील. संपल्यावर त्याने हात काखेत दाबून धरले आणि काही वेळ तसाच उभा राहिला. ती गाठ संध्याकाळी चाकूने कापावी लागली. सामान खराब असताना माणूस चांगला निघाला, पण कंपनीने आम्हाला माणसावर अवलंबून राहायला भाग पाडायला नको होते.

उजाडले, थंडी कमी झाली, आणि आमचा वेगही कमी झाला. नऊ वाजता माझ्या घड्याळात उंची ६१६० दाखवत होती. मी ते पाहिले, प्रमुखांनी स्वतःचे घड्याळ पाहिले, ते मी पाहिले, आणि आम्ही सातही जण थांबून त्यांच्याकडे बघत राहिलो. कोणी काही बोलले नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी ते ‘परत’ म्हणाले असते तर मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलो असतो. ते आकाशाकडे बघत म्हणाले, ‘बीस मिनट और.’

त्या वीस मिनिटांची चाळीस झाली. नऊ चाळीसला आम्ही शिखरावर होतो. पताकांच्या फडफडणाऱ्या माळा, समोर कांग यात्सेच्या पहिल्या शिखराची धार, आणि खाली, फार खाली, निमालिंगचे हिरवट पठार. बारा मिनिटे थांबलो. मला रडू आले, हेही लिहायला हरकत नाही.

उतरताना प्रमुखांनी तळछावणीवर जे जे सांगितले होते ते ते क्रमाने घडले. साडेदहापर्यंत बर्फ घोट्यापर्यंत रुतू लागला होता, दर आठ-दहा पावलांना आईस अ‍ॅक्सच्या दांड्याने क्रॅम्पॉनवर ठोकून गोळा पाडावा लागत होता, आणि ते करायचे विसरलेली गटातली एक शिक्षिका पाय निसटून दहा-बारा फूट खाली गेली. पालथे होऊन थांबायचे जे शिकवले होते ते तिला आठवले नाही. तीन तासांच्या तालमीतून ते आठवणार तरी कसे? तिच्या मागच्या दोघांनी दोर ताणून धरला म्हणून ती थांबली. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पुढे दगडांच्या उतारावर डावीकडून दोन वेळा दगड घरंगळत गेले, आमच्यापासून बऱ्यापैकी लांबून. छावणीत एक वाजता पोहोचायचे होते, तिथे तीन वीसला पोहोचलो. मेहुणा स्वयंपाकाच्या तंबूत बसून खिचडी खात होता.

संध्याकाळी मी प्रमुखांना विचारले. त्यांनी टाळाटाळ केली नाही. आकाश स्वच्छ होते, सातही जण आपल्या पायांवर चालत होते, आणि नव्वद मीटर उरले असताना माणसांना परत फिरवले की ती माणसे महिनाभर कार्यालयाला फोन करतात, असे ते म्हणाले. थोडे थांबून त्यांनी असेही सांगितले की परतल्यावर कार्यालयातून पहिला प्रश्न ‘किती जणांचे टॉप झाले’ हाच येतो. पहाटे सव्वाचारला मेहुण्याच्या बाबतीत ज्या माणसाला कोणाला विचारावेसे वाटले नव्हते, त्याच माणसाला नऊ वाजता सात जणांच्या चेहऱ्यांकडे बघावे लागले, याचा दोष मी एकट्या त्यांच्यावर टाकत नाही. आम्ही सात जण त्यात होतो आणि कार्यालयही होते. पण पैसे घेऊन नेणाऱ्या मोहिमेत ग्राहकाला विकत मिळते ते नेमके हेच, की त्याची स्वतःची बुद्धी विरळ हवेने आणि हौसेने मंद झालेली असताना त्याच्या वतीने कोणी तरी लेखी ठरलेली वेळ पाळेल. ती वेळ माझ्या फायद्यासाठी मोडली गेली म्हणून ती मोडली गेली नाही असे मी म्हणू शकत नाही. एक तारा त्यासाठी वजा.

लेहला परतल्यावर अभिप्रायाचा अर्ज भरायला दिला. त्यात चौदा प्रश्न होते. पहिला ‘शिखर झाले का?’ हा होता, जेवणावर तीन होते, आणि ‘तुम्हाला कधी असुरक्षित वाटले का?’ हा तेरावा होता. मी नऊ वाजताची हकिगत, क्रॅम्पॉनचा पट्टा आणि मेहुण्याला आलेला फोन, तिन्ही गोष्टी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिल्या आणि त्याची प्रत ईमेलने पाठवली. दहा दिवसांनी उत्तर आले. साहित्याचे वाटप यापुढे लेहला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी होईल आणि झिजलेले पट्टे बदलले आहेत, असे त्यात होते. धावण्याच्या अटीबाबत विचार चालू आहे, असेही होते. परत फिरण्याच्या वेळेबद्दल त्यात काहीच नव्हते, म्हणून मी पुन्हा लिहिले. त्या दुसऱ्या ईमेलला हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

जायचे असेल तर जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टअखेर हा काळ निवडावा, बूट शक्यतो स्वतःचे न्यावेत, क्रॅम्पॉन भाड्याने घेतले तर बांधून, दहा पायऱ्या चढून-उतरून पाहिल्याशिवाय सही करू नये, आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात दोन मीटर बारीक दोरी ठेवावी. मी ती आता सिंहगडलाही नेतो. साहित्याची अनामत रक्कम सतरा दिवसांनी खात्यात जमा झाली. त्यातून क्रॅम्पॉनचा पट्टा खराब केल्याबद्दल साडेतीनशे रुपये कापून घेतले होते.